पाटीला पासवर्ड नको

सहावीच्या मुलांना संगणकासमोर पहिल्यांदा बसवलं की मी पेंट हा विंडोजमधला चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडून देते आणि गप्प राहते. बहुतेक पडद्यांवर एकच चित्र उमटतं: दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली झोपडी, झोपडीपासून निघालेली नागमोडी वाट. रेघा झाल्या की रंगाची बादली. डोंगरावर बादली नेऊन क्लिक केलं की डोंगर, आभाळ, सूर्य, झोपडी, सगळा पडदा एका दमात हिरवा होतो. "मॅडम, रंग सांडला!"

सांडला हा शब्द मुलांचाच आहे आणि तो अगदी बरोबर आहे. मी एवढंच म्हणते, कुठून सांडला ते शोध. मग कंट्रोल-झेड दाबून रंग मागे घेतला जातो, भिंगाने चित्र आठपट मोठं होतं आणि मूल रेघेवरून बोट फिरवत फिरवत जातं. छपराच्या टोकाशी, जिथे डोंगराची रेघ येऊन टेकायला हवी होती, तिथे एकच पांढरा चौकोन राहिलेला असतो. एका ठिपक्याची फट. पेन्सिलने तिथे एक काळा ठिपका ठेवायचा आणि पुन्हा बादली ओतायची. या खेपेला रंग डोंगरातच थांबतो. त्या क्षणीचा मुलाचा चेहरा मी पंधरा वर्षं पाहत आले आहे आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही. भूमितीच्या पुस्तकातली बंद आकृती त्याला कळलेली असते. पडद्यावर झालेल्या घोटाळ्याचं कारण आपल्याला आपलं शोधता येतं, हेही त्याला कळलेलं असतं.

मी जव्हार तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. आमच्या कक्षात बारा यंत्रं आहेत, त्यांतली नऊ चालतात. एका यंत्रापुढे तीन-तीन मुलं बसतात. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी पेंट ही पाटी आहे. ती पुसता येते, तिला इंटरनेट लागत नाही, ती नाव विचारत नाही, आणि शाळेतल्या यंत्रावर जी असते तीच तहसील कचेरीतल्या आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्रावरही असते. म्हणून या साध्या प्रोग्रॅममध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत जे बदल झाले, त्यांच्याकडे मी फार बारकाईने पाहते. त्यांतले काही मला मनापासून आवडले. काहींनी मात्र या पाटीवर कुलूप बसवायला सुरुवात केली आहे. हे कुलूप वेळीच ओळखायला हवं, असं मला वाटतं.

पेंट विंडोजइतकाच जुना आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तो तिच्यासोबत होता, फक्त काळा आणि पांढरा. पुढे रंग आले, विंडोज ९५ बरोबर 'पेंट' हे नाव कायम झालं. आपल्याकडे हजारो लोकांना संगणकाची ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गात झाली, तो काळ विंडोज ९८ आणि एक्सपीचा. एक्सपीच्या पेंटमध्ये चूक झाली तर फक्त तीन पावलं मागे जाता यायचं. चौथी चूक तुमचीच. त्या काळात शिकलेल्या माणसांना अजून दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय आहे.

जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या पुढच्या आवृत्तीत ज्या गोष्टी काढल्या जातील किंवा ज्यांच्यावर यापुढे काम होणार नाही, त्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात पेंट होता. त्याची जागा पेंट ३डी घेणार होता. जगभरातून लोक हळहळले. एवढ्या साध्या प्रोग्रॅमसाठी एवढी माणसं बोलतील असं कंपनीलाही वाटलं नसावं. दुसऱ्याच दिवशी पेंट मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर मोफत मिळत राहील असं जाहीर झालं, आणि २०१९ मध्ये तो विंडोजमध्येच राहणार हे ठरलं. ज्याने त्याला हटवायचं होतं तो पेंट ३डी मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टोअरवरून गेला. ज्या गोष्टीत लोकांचा हात बसलेला असतो ती सहजासहजी बदलता येत नाही, हे त्या दोन वर्षांत दिसलं.

पेंट वाचला आणि मग त्याच्यावर पुन्हा काम सुरू झालं. २०२३ मध्ये विंडोज ११ च्या पेंटमध्ये डोळ्यांना सोयीचा काळा पडदा, नीट लहान-मोठं करता येणारं चित्र, लेयर म्हणजे काचेसारखे एकावर एक ठेवता येणारे थर, आणि पारदर्शकता आली. २०२५ मध्ये ब्रशचा रंग किती गडद किंवा विरळ हवा ते ठरवणारी पट्टी आली, आणि लेयरसकट चित्र जपून ठेवणारी पेंटची स्वतःची फाइल आली. चाळीस वर्षांत प्रथमच अर्धवट चित्र त्यातले लेयर वेगळे राखून ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येऊ लागलं.

लेयरचं महत्त्व मराठी लिहिणाऱ्याला लगेच कळेल. जुन्या पेंटमध्ये मजकुराच्या चौकटीबाहेर एकदा क्लिक केलं की अक्षरं दगडावर कोरल्यासारखी व्हायची. त्यांचे ठिपके होऊन चित्रात मिसळायचे. 'हार्दिक' मधला रफार चुकला, 'शुभेच्छा' मधला उकार दीर्घ झाला, की मागचं चित्र खरवडल्याशिवाय ते दुरुस्त होत नसे. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी, कार्यक्रमपत्रिकेवर मुख्याध्यापकांना एक ऱ्हस्व-दीर्घ सापडली म्हणून पूर्ण फुलांची वेल पुन्हा काढताना मी मुलींना रडताना पाहिलं आहे. आता अक्षरं वरच्या लेयरवर ठेवायची. चुकली तर तो लेयर पुसायचा. खालची वेल शाबूत. हे नवीन वैशिष्ट्य हाताला बळ देतं. करायचं काय ते माणसानेच ठरवलेलं असतं, फक्त चुकीची शिक्षा कमी होते.

चित्राची पार्श्वभूमी काढून टाकणारं बटणही मला असंच वाटतं. तेही एका अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्तेचंच काम आहे, यंत्राला माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते ओळखावं लागतं. पण ते खातं मागत नाही, पैसे मागत नाही, आणि जे काम लोक आधीपासून मान मोडून करत होते तेच सोपं करतं.

कुठलं काम, ते सांगते. आमच्या गावात बसस्टँडजवळ फॉर्म भरून देणारी तीन-चार दुकानं आहेत. जूनमध्ये दाखल्यांची, शिष्यवृत्तीची, प्रवेशाची गर्दी असते, बाकी वर्षभर भरतीची. बारावी झालेला मुलगा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन येतो, मागे घराचा निळा पत्रा किंवा वाळत घातलेली साडी. फॉर्म म्हणतो पार्श्वभूमी पांढरी हवी, रुंदी इतके पिक्सेल, उंची तितके, फाइल ५० केबीच्या आत. सही वेगळी, २० केबीच्या आत. कागदावर निळ्या शाईने केलेली सही मोबाइलने टिपायची, पेंटमध्ये उघडायची, चौकटीत पकडायची, क्रॉप करायची, रिसाइज, टक्के की पिक्सेल, सेव्ह ॲज जेपीजी, मग फाइलवर जाऊन बघायचं किती केबी झाली. ५३. परत. आणखी थोडं लहान. ४९. चालेल. दुकानातल्या मुलाचा हात इतका सराईत असतो की बघणाऱ्याला काही कळत नाही. या एका प्रोग्रॅममधून दरवर्षी किती नोकऱ्यांचे आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज पार पडत असतील याचा कुणी हिशोब ठेवलेला नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी अकरा वाजता अशा दुकानात उभं राहावं आणि पडद्याकडे बघावं. पेंट उघडलेला दिसेल.

आणि इथेच माझं पहिलं म्हणणं आहे. या दुकानदाराला एक गोष्ट कितीतरी वर्षं हवी आहे. सेव्ह करताना 'मला ही फाइल ५० केबीच्या आत दे' असं सांगता यावं. निदान जेपीजीचा दर्जा कमी-जास्त करायची एक पट्टी असावी. मी वापरलेल्या पेंटच्या कुठल्याही आवृत्तीत ती नव्हती. म्हणून दुकानदार अनोळखी संकेतस्थळांवर जातात, आणि लोकांचे फोटो, सह्या, कधीकधी आधारची प्रतसुद्धा तिथे चढवून केबी कमी करून घेतात. ती कागदपत्रं पुढे कुठे जातात, कोण ठेवून घेतं, कुणालाच माहीत नसतं. आपल्या यंत्रातल्या आपल्या प्रोग्रॅममध्ये हे काम झालं असतं तर कोट्यवधी भारतीयांची सही त्यांच्याच यंत्रात राहिली असती. कुठल्या सोयी आणायच्या हे ठरवताना या दुकानातल्या मुलाला कुणी विचारलं असतं तर त्याने हीच मागितली असती.

त्याऐवजी काय आलं? पेंटच्या उजव्या बाजूला एक पट्टी उघडते. तिच्यात शब्द लिहायचे, शैली निवडायची, आणि यंत्र चित्र तयार करून देतं. २०२३ मध्ये ही सोय आली तेव्हा चित्रं दूरच्या सर्व्हरवर बनत होती. २०२४ मध्ये कोपायलट प्लस नावाच्या नव्या यंत्रांसाठी तिचं दुसरं रूप आलं. त्यात तुम्ही वेडीवाकडी रेघ ओढायची आणि शेजारी यंत्र त्याचं सफाईदार चित्र करून दाखवणार. चित्रातला एखादा भाग निवडून 'इथे नदी हवी' असं लिहिलं की नदी भरून देणारी सोयही आली.

त्यासाठी लागणारं यंत्र बघा. १६ जीबी मेमरी, २५६ जीबी साठवण आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी वेगळी चिप. आमच्या कक्षातल्या यंत्रांत ४ जीबी मेमरी आहे. बरं, एवढं यंत्र घेतलं आणि चित्र त्याच्याच चिपवर तयार झालं, तरी ही सोय वापरायला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि इंटरनेटही लागतं, कारण तुम्ही लिहिलेले शब्द आणि तयार झालेलं चित्र सुरक्षित आहे की नाही हे दूरच्या सेवेकडून तपासलं जातं. काही सोयींसाठी क्रेडिट (वापराची कुपनं) लागतात, आणि ती महिन्याच्या वर्गणीबरोबर ठरावीक संख्येने मिळतात. म्हणजे एकाच पेंटचे आता थर झाले. एक पैसे भरणाऱ्याचा, एक खातं असलेल्याचा, एक महागडं यंत्र असलेल्याचा आणि एक आमचा.

चाळीस वर्षांत पेंटची सगळ्यात मोठी गोष्ट कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, तो सगळ्यांना सारखा होता. मंत्रालयातल्या यंत्रावरची बादली आणि मोखाड्याच्या शाळेतली बादली एकच रंग एकाच पद्धतीने सांडायची. एका शिक्षिकेने दुसरीला फोनवर सांगितलेलं तसंच्या तसं समोरच्या पडद्यावर दिसायचं. जी वस्तू सगळ्यांच्या घरात सारखी असते तीच शिकवता येते. हे सारखेपण मोडतं तेव्हा त्याचं नुकसान पहिल्यांदा आमच्यासारख्या शाळेत जाणवतं.

खात्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. आमच्या मुलांकडे ईमेल नसतो. एका फोनवर सगळं घर चालतं आणि तो फोन बाबांबरोबर वीटभट्टीवर किंवा मुंबईला गेलेला असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार आपल्या देशात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे, आणि तिची माहिती गोळा करायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं तो कायदा सांगतो. कायदा चांगला आहे. पण समोर लॉगिनची चौकट आली की व्यवहारात काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. शिक्षक आपलं खातं उघडून देतो, नाहीतर मूल जन्मवर्ष खोटं टाकतं. चित्र काढायला बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीने पहिलं काम कुठलं करायचं, तर आपण अठराचे आहोत असं लिहायचं. ज्या साधनाने कधी कुणाचं नाव विचारलं नाही, त्याच्यातून ही शिकवण मिळावी याचं मला फार दुःख होतं.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं की नको असेल तर ते बटण दाबू नका, बाकीचा पेंट आहे तसाच आहे. मोठ्या माणसापुरतं हे खरं आहे. पण अकरा वर्षांच्या मुलापुढे दोन वाटा ठेवल्या, एका वाटेने तासभर घासून वाकडा बैल निघतो आणि दुसऱ्या वाटेने दोन शब्दांत झुलीसकट सजवलेला बैल मिळतो, तर ते कुठे जाईल? मी मोठी असून मलाही मोह होतो. त्यातही एक तपशील माझ्या मनाला लागून राहिला आहे. रेघेचं चित्र करून देणाऱ्या त्या सोयीत एक सरकपट्टी आहे, आणि तिचं नाव आहे 'क्रिएटिव्हिटी'. ती जितकी पुढे सरकवाल तितकं यंत्र तुमच्या रेघेपासून दूर जातं. सर्जनशीलता वाढवा, म्हणजे स्वतःचा हात कमी करा, असा या शब्दाचा अर्थ मूल पडद्यावर रोज वाचणार. शब्दांचे अर्थ असेच हळूहळू बदलतात आणि पुढच्या पिढीला ते तसेच होते असं वाटतं.

अमेरिकेतल्या ओहायोमध्ये हॅल लास्को नावाचे एक निवृत्त अक्षरकार होते. उतारवयात त्यांची मधली नजर गेली. ब्रशने चित्र काढणं अशक्य झालं. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी घरच्यांनी त्यांना संगणकाची आणि पेंटची ओळख करून दिली होती. भिंगाने चित्र हवं तेवढं मोठं करता येत होतं, म्हणून एक-एक ठिपका रंगवत त्यांनी चित्रं काढली. एकेका चित्राला महिने लागायचे. २०१४ मध्ये, ९८ व्या वर्षी ते गेले तोवर जगभरातल्या लोकांनी त्यांची चित्रं पाहिली होती. लास्कोंना तेव्हा चित्र तयार करून देणारं बटण मिळालं असतं तर त्यांचा वेळ वाचला असता. पण त्यांना वेळ वाचवायचाच नव्हता. दिसेनाशा होत चाललेल्या जगात आपला हात अजून चालतो, हे त्यांना रोज सकाळी अनुभवायचं होतं. मुलाचंही तसंच असतं, फक्त दिशा उलट. त्याचा हात आता कुठे चालायला लागलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी गांभीर्याने घेते. मुलांना एआय शिकवायला नको का? जव्हारच्या मुलांनीच मागे का राहायचं? शिकवायलाच हवं. मी शिकवते. आठवी-नववीला मी त्यासाठी वेगळी तासिका घेते, माझ्या फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून. एकदा एका चित्र बनवणाऱ्या साधनात आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं: वारली पद्धतीचं चित्र, तारपा नाच, गेरूची भिंत, पांढऱ्या रेषा. चित्र आलं. लांबून फार देखणं होतं. मुलं पुढे सरकली आणि एकेक जण बोलू लागलं. तारपा वाजवणारा मध्ये नाहीच. त्याच्या हातात जे आहे ते बासरीसारखं आहे, तारप्याला भोपळा असतो. सगळ्यांचे पाय सारखे आहेत, नाचताना असे नसतात. एक मुलगा म्हणाला, हे आपल्यासारखं आहे पण आपलं नाही. एआय काय करतं, कशावरून शिकतं, कुणाच्या चित्रांवरून शिकतं, हे सांगायला मला त्याहून चांगला धडा मिळाला नसता. जिव्या सोमा म्हशे यांनी भिंतीवरची ही चित्रकला कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. मग यंत्राने काढलेल्या या चित्राला वारली म्हणायचं का, यावर त्या दिवशी नववीची मुलं घंटा झाल्यावरही भांडत होती.

ही मुलं त्या चित्रातलं चुकलेलं ओळखू शकली, कारण त्यांनी ते आधी हाताने काढलं होतं. घराच्या कुडावर आई-आजीने लग्नाचा चौक लिहिताना पाहिलं होतं आणि स्वतः पेंटमध्ये त्रिकोणाला त्रिकोण टेकवून माणूस उभा केला होता. ज्याचा हात कधी चाललाच नाही त्याला यंत्राची चूक दिसत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पाटी, मग यंत्र. एआयचं साधन वेगळ्या नावाने, वेगळ्या खिडकीत द्या. ज्याला हवं आहे तो ते ठरवून उघडेल, काय देतो आणि काय घेतो हे समजून उघडेल. पाटीच्या चौकटीतच ते चिकटवलं की ठरवण्याची ती पायरीच नाहीशी होते.

मायक्रोसॉफ्टला हे कळत नाही असं नाही. संस्थांच्या प्रशासकांसाठी पेंटमधल्या या तिन्ही सोयी, चित्र बनवणारी, रेघेवरून चित्र करणारी आणि भाग भरून देणारी, बंद करायची व्यवस्था त्यांनी दिली आहे. पण ती ग्रुप पॉलिसी नावाच्या दालनात आहे आणि विंडोजच्या होम आवृत्तीत ते दालनच नसतं. देणगीतून आलेले लॅपटॉप बहुतेक होमवाले असतात. नोटपॅडमध्ये एआय बंद करायची कळ सेटिंग्जमध्ये समोरच ठेवलेली आहे. तशीच पेंटमध्ये ठेवावी, आणि नव्या यंत्रावर ती मुळात बंद असावी. ज्याला हवी तो चालू करील.

कंपनी हे आपणहून करील या भरवशावर बसून राहता येणार नाही. वर्डपॅडचं काय झालं ते आपण पाहिलं. जवळजवळ तीस वर्षं विंडोजबरोबर आलेला तो साधा लिहिण्याचा प्रोग्रॅम २०२४ च्या विंडोज ११ मधून काढून टाकला गेला, आणि ज्यांना अर्ज लिहायला वर्ड विकत घेणं परवडत नव्हतं त्यांनी कुणाकडे दाद मागायची हे कुणी सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नेहमीचे अपडेट) संपला. आमच्या नऊ यंत्रांपैकी एकही विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. येत्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांना नवी यंत्रं घ्यावी लागणार आहेत, आणि ती सरकारी निविदांमधून, आमदार-खासदारांच्या निधीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून येतील. निविदेत प्रोसेसर किती, मेमरी किती, वॉरंटी किती वर्षं, हे सगळं असतं. लिहिण्याचं, चित्र काढण्याचं आणि हिशोबाचं साधन खात्याशिवाय आणि इंटरनेटशिवाय पूर्ण चाललं पाहिजे, ही एक ओळ त्यात घालायला काय हरकत आहे? शालेय शिक्षण विभागाने ती घातली तर एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचं कुणालाही ऐकावं लागेल.

केरळने तर वेगळाच रस्ता धरला. तिथली काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी विंडोजऐवजी वापरायची, उबुंटूवर आधारलेली मुक्त प्रणाली स्वतः तयार करून देते. मुलांसाठीचा टक्स पेंट २००२ पासून मोफत मिळतो आणि जुन्या यंत्रांवरही चालतो. आमच्या तीन बंद यंत्रांवर मी या सुट्टीत तो घालून बघणार आहे. तरीही विंडोजच्या पेंटचा हट्ट मी सोडत नाही, कारण मूल शाळेतून बाहेर पडून फॉर्मच्या दुकानात, सोसायटीत, ग्रामपंचायतीत जाईल तिथे त्याला तोच भेटणार आहे. तिथल्या पाटीची काळजी करायला नको, असं म्हणून चालणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत सातवीतली एक मुलगी जुन्या यंत्रावर तारप्याचा नाच काढत होती. जुन्या पेंटमध्ये आकृती फक्त काटकोनात फिरते. एक माणूस काढून त्याच्या नकला गोल लावायची सोय नाही. म्हणून तिने प्रत्येक माणूस वेगळा काढला, प्रत्येकाचा कल वेगळा, हात हातात. तीन तासिका गेल्या. मग तिला फेराच्या आतली जमीन गडद गेरूची करायची होती. तिने आत बादली ओतली आणि रंग सगळ्या पडद्यावर सांडला. शेजारची मुलं ओरडली, "फट शोध, फट शोध!" मीही तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

तिने भिंग उचललंच नाही. "फट नाही मॅडम," ती म्हणाली, "तारप्याचा फेर उघडाच असतो. शेवटच्याचा हात मोकळा राहतो." मग तिने सांडलेला रंग मागे घेतला, ब्रशला तोच गडद गेरू लावला, फेराच्या उघड्या तोंडाशी, शेवटच्या माणसाच्या मोकळ्या हातापासून आतल्या माणसापर्यंत एक रेघ ओढली आणि पुन्हा बादली ओतली. रंग रेघेपर्यंत आला आणि थांबला. रेघ त्याच रंगाची असल्यामुळे ती त्यात मिसळून गेली. फेर उघडाच राहिला.